भलत्याच मशीनचा पार्ट

अण्णा,

तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली, तरी पेचकस हातात घेतला की मांजरसुंब्याच्या फाट्यावरचं आपलं पत्र्याचं दुकान दिसतं. तुम्ही ट्रकवाल्याचा टेप उघडता, स्क्रू बशीत ठेवता, आणि जळालेला पार्ट काढला की तो गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवता. एकदा मी तो केरात टाकला. तुम्ही ओरडलात, "उचल. देऊन ये त्याला." मी ढाब्यावर पळालो. तिथली शेवभाजी अजून तशीच आहे, परवाच खाल्ली, पण ते राहू द्या. ड्रायव्हर हसला, "इसका मैं क्या करूँ बे?" आणि फेकून दिला. मी येऊन तुम्हाला सांगितलं. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "त्याचा हाय, त्यानं फेकावा. आपण न्हाई."

दहावी हुकल्यावर मी सुरत, नाशिक, पुणे फिरलो, कुठं टिकलो नाही. आता बीडला बसस्टँडमागं लॅपटॉप दुरुस्तीचं टेबल टाकलंय. मागच्या आठवड्यात गेवराईच्या एक मॅडम आल्या. लाखाच्या वरचा लॅपटॉप, बंद पडलेला. आत ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या मुलाखती. "त्यातल्या दोघी आता नाहीत, दादा. मशीन गेलं तर जाऊ द्या, तेवढे आवाज काढून द्या." मी विचारलं, दुसरीकडं कॉपी? "अहो, मग एवढं महागाचं कशाला घेतलं?"

जुन्या मशीनची डिस्क काढून दुसऱ्याला लावली की सगळं निघायचं. यात काढायला डिस्कच नाही, अण्णा. बॅटरी गोंदानं चिकटवलेली, मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली, आणि ती उघडायची किल्लीसुद्धा त्याच बोर्डावर. बोर्ड जगला तरच आवाज निघणार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाला फोनवर म्हणाला, बोर्ड नवा टाकू, आतलं मिळणार नाही. जिनं पैसे मोजले तिलाच आत हात घालता येऊ नये, असं कुणीतरी मुद्दाम बसून ठरवलंय.

पुण्यात असल्या बोर्डांचं बारीक काम करणारा माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याकडं पाठवायला पाहिजे होता. पण मला दम कुठं निघतो? मीच गरम हवेची गन धरली. तेवढ्यात दारात ओळखीचा रिक्षावाला आला, मी त्याच्याशी बोलत राहिलो, हात तिथंच राहिला. शेजारची मेमरीची चिप काळी पडली.

मॅडमना म्हणालो, "कंपनीनंच असं बनवलंय, आता काही निघत नाही." पहिलं खरं होतं, दुसरं माझ्या हातानं झालं होतं. त्यांनी हात पुढं केला, "जळालेलं काय ते तरी द्या." बोर्ड दाखवला असता तर माझा डाग दिसला असता. ड्रॉवरमधून भलत्याच मशीनची मेलेली मेमरी काढून मी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती रुमालात बांधली, नीट, गाठ मारून.

त्या ती फेकणार नाहीत, अण्णा. खरं तर हे त्यांनाच लिहायला बसलो होतो. वर नाव तुमचं टाकलं, कारण तुम्हाला पाठवावं लागत नाही.