तुझ्याकडून घेतलेलं आमेन

प्रिय पोरी,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुमच्या लग्नाच्या आधीपासून कुरकुरतोय. फोनवरच बोलणार होते. तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा 'जेवलीस का' वर येऊन अडकले. म्हणून शेवटी कागद घेतला. हाताला लिहायची सवय राहिलेली नाही, खाडाखोड सोसून घे.

आमच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीचं नवं यंत्र आलंय. दोघींनी चादरीची टोकं धरायची, ताणायची आणि रुळांत सोडायची. पलीकडून ती पापडासारखी कडक होऊन निघते. माझ्या जोडीला एक नवी बाई दिली आहे. यंत्रापेक्षा तिचं तोंड जास्त चालतं. परवा तिनं विचारलं, "मावशी, तुमचा मुलगा जहाजावर असतो ना?" मी हो म्हटलं. 'असतो' असंच म्हणतात माझ्यापुढे सगळे. 'होता' म्हणायची कुणाची छाती नाही. त्यांना ही सवय मीच लावली, आणि तुलाही. त्याबद्दलच लिहायला बसले आहे, पण मला जरा वळसा घालून यावं लागेल, सरळ येववत नाही.

आपला खटपट्या. सात वर्षांचा असताना त्यानं घरातला पंखा खोलला आणि परत जोडला, तेव्हा दोन स्क्रू उरले. पंखा मात्र चालला. त्याचे वडील म्हणाले, हे दोन बनवणाऱ्यानं उगाच घातले होते. जहाजाच्या इंजिनघरात फिटर म्हणून लागला तेव्हा मला वाटलं, चला, आता खोलायला मोठं काहीतरी मिळालं. तुमच्या लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हा तो त्या शेवटच्या फेरीला गेला. निघताना तुझी शिलाई मशीन अर्धी खोलून ठेवली होती, आल्यावर करतो म्हणाला. मग ते वादळ, आणि कंपनीचं ते पत्र. अकरा जणांची प्रेतं मिळाली, त्यात हा नाही. बेपत्ता. मी त्या शब्दाला असं धरलं जसं बुडणारा माणूस फळीला धरतो. बेपत्ता म्हणजे मेला नाही. कुठल्यातरी बंदरात, कुठल्यातरी इस्पितळात, नाव विसरून पडला असेल. तू परिचारिका, तू मान हलवलीस, असं होतं कधी कधी म्हणालीस. माझ्यासाठी म्हणालीस, हे मला तेव्हाही कळत होतं.

तुझे वडील तुला न्यायला आले होते ते आठवतं? दारातच उभे राहिले, चहासुद्धा घेतला नाही. तू त्यांना म्हणालीस, "आई एकट्या वाट बघणार का? आम्ही दोघी बघू." चोवीस वर्षांची होतीस तू. मी आत भिंतीला टेकून ऐकत होते आणि देवाचे आभार मानत होते. तुझ्या वडिलांकडे बघायचं मात्र मी टाळलं. त्यांचीही लेकच होतीस ना तू.

चर्चमध्ये दर रविवारी पाळकसाहेब प्रार्थनेसाठी नावं वाचतात. आजारी असलेले, प्रवासात असलेले आणि प्रभूमध्ये निजलेले. पहिल्याच महिन्यात मी त्यांना गाठून सांगितलं, माझ्या मुलाचं नाव प्रवासात असलेल्यांत घ्यायचं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि घेतलं. सहा वर्षं घेतलं. लोक माझं उदाहरण द्यायला लागले. धीर धरावा तर या बाईसारखा, विश्वास असावा तर असा. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. दुःखातही माणसाला मिरवायला काहीतरी सापडतं. आणि संध्याकाळी आपण दोघी दिवा लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. मी म्हणायचे, "प्रभो, त्याला सुखरूप घरी आण." तू म्हणायचीस, "आमेन."

आता ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी, तू दिवसपाळीला होतीस, दुपारी दारावर एक माणूस आला. एक पाय ओढत चालत होता. म्हणाला, मी जहाजावरचा आचारी. मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला, जणू कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं. किती वेळ नुसता पेला हातात फिरवत होता. मग बोलायला लागला आणि मग थांबलाच नाही.

तुझा नवरा बचावाच्या होडीत पोचला होता, पोरी. तो आपल्या शेजारीच बसला होता, असं होडीतल्या लोकांनी नंतर आचाऱ्याला सांगितलं. खाली दोघं अडकलेत हे कळल्यावर तो होडीतून उतरून परत गेला. इंजिनघराचा दरवाजा वाकून बसला होता, आणि तो कसा खोलायचा हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं तो खोलला. एक जण निघाला. दुसरा हा आचारी, त्याचा पाय चेमटला होता, भीतीनं त्यानं तुझ्या नवऱ्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. तुझा नवरा ओरडला, "हात सोड, शिडी धर!" खालून खांदा लावून त्याला वर ढकललं. आचारी वर निघाला आणि मागून पाणी आलं. त्यानं वळून पाहिलं तेव्हा दरवाज्याच्या जागी नुसतं पाणी होतं. "मी डोळ्यांनी पाहिलं, आई. तो वर आला नाही," तो म्हणाला. पुढे त्याचे महिने इस्पितळांत गेले. चौकशीत त्यानं काहीच आठवत नाही म्हणून सांगितलं, कारण सगळ्यांसमोर कसं सांगायचं की माझ्या जागी तो गेला? चार वर्षं तो हिंमत गोळा करत होता. मला म्हणाला, "मी जिवंत आहे याबद्दल मला माफ करा."

मी काय केलं ते ऐक. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तेवढं एक बरं केलं. त्याला चहा दिला. मग घड्याळाकडे पाहिलं. तुझी पाळी सुटायला पाऊण तास होता. मी त्याला म्हटलं, "माझ्या सुनेला यातलं काही कळता कामा नये. ती मोडून पडेल." त्यानं मान डोलावली, पत्ता लिहून दिला आणि पाय ओढत गेला. मी त्याचा कप विसळून ठेवला, खुर्ची जागेवर सरकवली. तू आलीस, चपला काढल्यास, म्हणालीस, "आज डोळे का असे?" मी म्हटलं, कांदा चिरत होते. आणि संध्याकाळी टेबलाशी बसून मी रोजच्यासारखीच म्हणाले, प्रभो, त्याला सुखरूप घरी आण. तू म्हणालीस, आमेन.

तू मोडून पडशील म्हणून नव्हतं गं ते. तू निघून जाशील म्हणून होतं. तो मेला म्हटल्यावर तू माझी कोण? घरात आवाज कुणाचा येणार, दोन ताटं कुणासाठी घ्यायची? दीड वर्षापूर्वी तुला मोठ्या इस्पितळात नोकरी लागली तेव्हाही मी गप्प राहिले. जाते तर जाऊ दे, पण माझी सून म्हणूनच जाऊ दे, असं मनात होतं. इतकी वर्षं मी देवाची वाट बघत होते असं जगाला सांगितलं. त्याचं उत्तर घरात येऊन खुर्चीवर बसलं, चहा पिऊन गेलं, आणि मी त्यालाच मागच्या मागे वाटेला लावलं. त्या दिवसापासून माझ्याच्यानं प्रार्थना झालेली नाही. तोंडानं व्हायची. आत सगळं बंद. गेल्या बुधवारी कामावरून तशीच पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळं ओतलं. मला वाटलं ते रागावतील, किंवा गोड बोलून समजूत घालतील. ते म्हणाले, "बाई, देवाला हे दोन वर्षं माहीत आहे. तुम्हाला त्यानं सोडलं असतं तर तुम्ही आज इथे आला नसता." मग म्हणाले, "पण मला सांगून भागणार नाही. ज्या पोरीला सांगायचं तिला सांगा." मी चर्चमध्ये जाऊन बसले. कोपऱ्यात एक म्हातारा बाकं पुसत होता. प्रार्थना काही आली नाही. फक्त पहिल्यांदाच, माझा मुलगा मेला, असं मी मोठ्यानं म्हटलं. म्हातारा क्षणभर थांबला आणि परत पुसायला लागला. मन हलकं झालं असं लिहिणार नाही, झालंच नाही. पण देवासमोर खरं बोलून बसता आलं. आता तो पुढे काय करतो त्याची वाट बघेन. मी मागेन तेच त्यानं द्यावं अशी अट घालायची नाही, एवढंच ठरवलंय.

आणि हे आत्ताच का, तर त्याच्या आदल्याच दिवशी, मंगळवारी, तू फोनवर हसत हसत सांगितलंस म्हणून. तुमच्या एक्स-रे विभागातल्या त्या विधुर माणसानं तुला विचारलं, भला माणूस आहे, त्याची लहान मुलगी तुझा पदर सोडत नाही, आणि तू त्याला म्हणालीस, "आमच्याकडे अजून वाट बघणं चालू आहे." मग लगेच मला विचारलंस, गुडघा कसा आहे. तू तीस वर्षांची झालीस, पोरी. माझ्या खोट्यापायी तू एका जिवंत माणसाला नाही म्हणालीस. तुझा नवरा गेला. सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्याला वर ढकलून गेला, आणि त्याच दिवशी तू मोकळी झालीस, हे तुला दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. आचाऱ्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, जाऊन त्याच्याच तोंडून ऐक. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब आपल्या खटपट्यासाठी स्मरणाची उपासना घेणार आहेत. त्या दिवशी तुला माझ्या शेजारी बसावंसं वाटलं नाही तर पुढच्या बाकावर बस, मागच्या बाकावर बस, येऊच नकोस. मला बोलायला तोंड नाही. माझ्यावर राग धर, हवा तितका धर. पण आधी त्याच्यासाठी पोटभर रडून घे, ते रडणंही मी तुझ्यापासून लपवून ठेवलं होतं. मग त्या एक्स-रेवाल्या भल्या माणसाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मला विचारू नकोस.

तुझीच,
जिला तू आई म्हणत आलीस ती