खारी विहीर बोळातील वाहनबंदी आणि कोंडवाड्यातील गुलछडी

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
वाहतूक सुधारणा कक्ष,
सोलापूर.

विषय : खारी विहीर बोळातील वाहनबंदीस हरकत; ती चालत नसल्यास निदान घोडीबाबत.
संदर्भ : आपली नोटीस दि. ४ मार्च १९७४ आणि अर्जदाराचे यापूर्वीचे सात अर्ज, ज्यांचे उत्तर आलेले नाही.

महोदय,

१. अर्जदार मौलाली बंदेनवाज शेख, वय अठ्ठावन्न, धंदा टांगा, हा खारी विहीर बोळाच्या शेवटच्या घरात राहतो. बोळाला तोंड एकच आहे. अर्जदारास लिहिता येत नाही, म्हणून त्याचे म्हणणे कचेरीसमोर बसून अर्ज लिहिणारा ज्ञानबा याने लिहिले आहे. लिहिताना ज्ञानबाचे डोके कोठे कोठे तापले आहे, त्याचा दोष अर्जदाराकडे धरू नये.

२. बोळात सुताच्या गाठींचे ट्रक घुसत. बोळातल्याच फुलाबाईंचा ओटा त्यांनी दोनदा फोडला. म्हणून रहिवाशांनीच ट्रक बंद करण्याची मागणी केली, हे अर्जदार कबूल करतो. त्यावर आपण सर्वच वाहने बंद करण्याचे योजले आणि लोकांचे मत घेण्यासाठी शाळेत सभा बोलावली. लोकांना विचारतात, याचे अर्जदारास फार अप्रूप वाटले. म्हातारीकोतारी माणसे त्याने सहा खेपा करून, पैसा न घेता, टांग्यातून सभेस आणली. दारातच एका कागदावर त्रेचाळीस जणांच्या सह्या व अंगठे झाले.

३. सभेत आपल्या कक्षाचे साहेब पाऊण तास बोलले. मग फुलाबाई उठून म्हणाल्या, "आमी ट्रका बंद करा म्हनलं हुतं, साहेब. मौलालीचा टांगा कशापायी बंद करताय? माजी सून बाळंतपनाला त्यानंच न्हेली की!" साहेबांनी त्यांच्या जागरूकतेबद्दल आभार मानले व वेळ संपल्याचे जाहीर केले. पुढे ठरावाची नक्कल मिळाली, तीत "उपस्थित त्रेचाळीस नागरिकांची संमती" असे लिहिलेले आहे. संमती म्हणजे दारातला तो हजेरीचा कागद. कारकुनांस विचारता त्यांनी सांगितले की हरकत लेखीच लागते, आणि लेखी हरकतीची मुदत सभेच्या आदल्या दिवशीच संपली होती. तेव्हापासून बोळातली निम्मी माणसे अर्जदाराशी बोलत नाहीत. आम्हाला अंगठा द्यायला तूच नेलेस, असे म्हणतात. त्यांचे खोटेही नाही.

४. नंतर बोळाच्या तोंडाशी लोखंडी खांब पुरले गेले. टांगा बाहेर ठेवून घोडी, नाव गुलछडी, हाताने धरून घरी न्यावी, असे अर्जदाराने ठरवले. आपल्या निरीक्षकांनी अडवले. जुंपलेली घोडी हे वाहन, वाहनास बंदी. सुटी घोडी हे जनावर, पादचारी मार्गावर जनावरासही बंदी. अर्जदार त्यांना एवढेच म्हणाला, "साहेब, जुपली तर गाडी, सोडली तर जनावर. मंग घरी नेऊ तर काय म्हनून नेऊ?" निरीक्षक हसले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या कागदात उत्तर नव्हते.

५. सबब घोडी खांबाशी बांधून अर्जदार तिच्याजवळ बसून राहू लागला. अठ्ठावीस जुलैला तो दोन घास खायला घरी गेला. परत येईतो बेवारस जनावर म्हणून तिला कोंडवाड्यात नेले होते. कोंडवाडा म्हणतो, जनावर ठेवण्यास घरी जागा व जाण्यास रस्ता असल्याचा दाखला आणा. दाखला आपला कक्ष देतो. आपला कक्ष म्हणतो, त्या बोळात जनावरास रस्ता नाही, सबब दाखला नाही. ठराव बदलायचा तर फेरविचाराची सभा सन १९७६ मध्ये आहे. लिलाव परवा, बुधवारी आहे.

६. दुसरीकडे तबेला पाहावा, असे कारकुनांनी सुचवले. अर्जदाराने पाहिला. घोडी पुढ्यात असल्याशिवाय तबेल्याचा मालक जागा अडवून ठेवीत नाही, आणि जागेच्या दाखल्याशिवाय घोडी सुटत नाही. येथे ज्ञानबाने दौत आपटली, त्याचे डाग समासात पडले आहेत. अर्जदार मात्र शांत आहे. तो रोज कोंडवाड्याच्या तारेबाहेर उभा राहतो. गुलछडी आवाज ओळखून तारेपाशी येते, आणि मग त्याला तेथून निघवत नाही. चौदा वर्षे ती त्याच्या घरात आहे. तिच्यावाचून त्याला करमत नाही, हे अर्जात लिहायचे असते की नाही हे ठाऊक नसतानाही त्याने लिहायला सांगितले आहे.

७. आता खांब काढा, ठराव फिरवा, असे अर्जदाराचे काही म्हणणे उरलेले नाही. वरील सर्व हरकती तो मागे घेतो. एकच विनंती आहे. घोडी उजव्या डोळ्याने आंधळी आहे. त्या बाजूने कोणी गेले की ती भिते आणि लाथ झाडते, मग मार खाते. ती वाईट चालीची नाही. जो कोणी घेईल त्याला डाव्या बाजूने जायला सांगावे, आणि जाताना आधी तिचे नाव घ्यायला सांगावे.

एवढे झाले तरी अर्जदार आपला आभारी राहील.

आपला नम्र,
मौलाली बंदेनवाज शेख, याचा डाव्या हाताचा अंगठा
लिहिणार : ज्ञानबा
सोलापूर, दि. १२ ऑगस्ट १९७४

सोबत :
१) ठरावाची नक्कल.
२) टांग्याचा परवाना. आता लागणार नाही, जमा करून घ्यावा.
३) तोबरा एक, वापरलेला. दुसऱ्या तोबऱ्यातून ती खात नाही.