नऊ आणि एक पूर्णांक चार

प्रिय ठमे,

पाठकोऱ्या कागदावर लिहितेय म्हणून हसशील. हस खुशाल. एक बाजू भरली म्हणून दुसरी टाकून द्यायची नसते. देवाच्या कृपेने घर ठीक आहे. गळका नळ तुझ्या बाबांनी स्वतः दुरुस्त केला. आता जास्त गळतो.

हल्ली ते फार खुशीत आहेत. दाढी करताना गातात. जन्मभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवला, तेव्हा घरी नसत. आता असतात ते घरभर असतात. एवढी सोबत असूनही मला दिवसभरात कुणाशी बोलल्यासारखं वाटत नाही. का, ते सांगते.

लहानपणी तुला मापं जमायची नाहीत, आठवतं? मी जिन्यावर उभी करून शिकवायचे. वरची पायरी सेंटिमीटरची, खालची मिलिमीटरची. उतरलीस की दहाने गुण, चढलीस की दहाने भाग. तू उड्या मारत घोकायचीस आणि बाबा खालून ओरडायचे, "मॅट्रिकबाई, पोरीला पाडाल! मिलिमीटर मोजून कुणाचा ट्रक पोचलाय?" त्यांचा सगळा हिशेब किलोमीटरचा.

माझ्या काखेजवळच्या गाठीचं तुला 'काही नाही गं' म्हणून सांगितलं होतं. पहिल्या तपासणीच्या कागदावर नऊ आलं होतं. तेव्हापासून ह्यांना घास गोड लागत नव्हता. या वेळी तिथलं यंत्र बंद, म्हणून दुसरीकडे गेलो. कागद हातात पडला आणि हे दवाखान्याच्या दारातच ओरडले, "नऊवरून एक पॉइंट चार! तुझा देव पावला गं! आता तुझी गाठ फक्त माझ्याशी!" येणारे-जाणारे बघायला लागले. मीही हात जोडले. मग कागदाची घडी घालताना आकड्यापुढची अक्षरं दिसली. आधीचा आकडा मिलिमीटरचा होता, हा सेंटिमीटरचा. मनातल्या मनात एक पायरी उतरले. चौदा.

बोलले नाही. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला होता. इतक्या वर्षांत चारचौघांत कधी धरला नव्हता गं. तो सुटेल म्हणून गप्प राहिले, ती गप्पच आहे. हे शेजारीपाजारी आकडे सांगत सुटतात आणि मी बाजूला उभी राहून हसते. देवापुढे बसते, तर तिथेही काय मागावं सुचत नाही. आभार तर मानून झालेत.

आता मुद्द्याचं. मोठ्या डॉक्टरीणबाईंची ठरलेली वेळ ह्यांनी 'आता कशाला उगाच खर्च, पैसे वाचले की तुलाच बरं वाटतं' म्हणून रद्द केली. मी काटकसरी खरी, पण असली काटकसर मला नको. शेजारणीच्या फोनवरून वेळ परत घेतलीय, येत्या शुक्रवारी सकाळची. घरचा फोन तेच उचलतात, आणि शेजारणीसमोर तुझ्याशी हे बोलणं झालं नसतं, म्हणून पत्र. तू गुरुवारी ये. निमित्त काहीही सांग. त्यांना सांगायचं काम तुझ्यावर टाकत नाही, ते मीच सांगेन. तू फक्त त्यांच्या शेजारी बस. गाठीचं मी एकटीने सोसलं, पण ऐकल्यावरचा त्यांचा चेहरा मला एकटीला बघवणार नाही.

वाट बघणारी, तुझीच
आई