झोपेतल्या लाथा

प्रिय दादा,

मला तुझी भेट मिळत नाही, म्हणून तुझ्या वकीलबाईंच्या हाती हे देतेय. कोठडीत पाठ धरली असेल तुझी. जेवतोस ना नीट? रागाने ताट सरकवू नकोस, तिथे समजूत काढायला आई नाही.

तुझ्या मेहुण्याचं नाक दोन ठिकाणी मोडलंय, भुवईला सात टाके आहेत. तू पहिला ठोसा मारलास तेव्हा तो घड्याळ उघडून बसला होता. डोळ्याला भिंग होतं, त्याची कडा कातडीत घुसली. डोळा वाचला, नशीब म्हणायचं. मग तू त्याला काउंटरवरून ओढलंस आणि खाली पडल्यावर बरगडीत लाथ घातलीस. काल दुकानाची फरशी पुसली. वाळलेल्या रक्तात घड्याळांचे बारीक स्क्रू चिकटले होते, चिमट्याने एकेक काढले.

आता तुला कधीच न सांगितलेलं सांगते. त्याला दोन दुखणी आहेत, दोन्ही झोपेची. घोरता घोरता त्याचा श्वास बंद पडतो, तपासणीत तासाला चाळीस वेळा बंद पडला. दुसरं पायांचं. संध्याकाळी टेकला की हाडांच्या आत मुंग्या फिरतात म्हणतो, पाय हलवले तरच बरं वाटतं. झोपला की तेच पाय लाथा झाडतात. दिवसभर हात असे स्थिर, की केसाएवढा स्क्रू बसवतो, आणि रात्री माझ्या नडग्या, कंबर, पोट, हातसुद्धा काळेनिळे. मी लांब बाह्या घालायला लागले ते लाजेने. नवरा झोपेत तुडवतो हे कुणाला सांगायचं? लोक फिदीफिदी हसले असते.

आधी आम्ही गाढवपणाच केला. त्यानेच सांगितलं म्हणून मी त्याचे घोटे पट्ट्याने पलंगाला बांधले. श्वास अडकून तो दचकला, उठायला गेला आणि तोंडावर आपटला. मग झोपेची गोळी आणली. त्या रात्री त्याचे ओठ निळे पडले, मी थोबाडीत मारमारून त्याला जागं केलं. खरं सांगू? शेवटची थोबाडीत तो जागा झाल्यावर मारली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना फैलावर घेतलं. रक्तात लोह कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. संध्याकाळचा चहा बंद. सर्दीची गोळी तो रोज घ्यायचा, तिने पाय आणखी बिथरतात म्हणून तीही बंद. आणि रात्री नाकावर हवा सोडणाऱ्या मशीनचा मास्क. श्वास सुधारला तर पायही बरेच शांत होतील, म्हणाल्या. गोळ्या घेतल्या त्याने. पण मास्क बघून म्हणाला, सोंड लावून झोपू का? मशीन दोन महिने कपाटात पडून राहिलं.

मग ती पहाट. लाथ पोटात बसली, मी पलंगाखाली गेले, कपाटाच्या कडेवर गाल फुटला, अर्धा दात तुटला. तो घोरतच होता. सकाळी तोंड दाखवलं तर म्हणाला, तू कडेला झोपतेसच कशाला? आणि चहा मागितला. आता तो स्वतःहून कपाटातून मास्क बाहेर काढून बसतो, पण मोडक्या नाकावर तो टेकतच नाही. सहा आठवडे तरी जमणार नाही म्हणतात. खुर्चीत बसून झोपतो आणि श्वास अडकला की गुदमरून उठतो. मी शेजारी बसून श्वास मोजत असते.

तू जबानीत म्हणालास, बहीण काही बोलली नाही, माझं मीच ठरवलं. का रे खोटं बोललास? माझा फुटका गाल बघून, हनुवटी वर करून तू विचारलं होतंस, त्यानेच ना? मी हो म्हणाले. झोपेत, एवढा एकच शब्द राहिला होता, तो मी जाणूनबुजून गिळला. तू जिना उतरलास तेव्हा हाक मारली नाही. चप्पल घालून मागे आले ती तुला आवरायला नाही, बघायला. कुणीतरी त्याला मारावं असं मला वाटत होतं, दादा. पहिला ठोसा बसला तेव्हा मला बरं वाटलं, दुसऱ्यालाही वाटलं. तिसऱ्याला ओरडले, पण तोवर तू कुणाचं ऐकण्यात नव्हतास. सोमवारी कोर्टात मी हे सगळं सांगणार आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला. आणि तिथे मध्ये पडून मला वाचवू नकोस.

तुझीच,
धाकटी