दोरीचे तीन वेढे

१८ फेब्रुवारी. उणे चौदा अंश.
आजपासून रीतसर नोंद. दूध संघातली माझी नोकरी मार्चअखेरपर्यंत आहे. कायम व्हायचं तर १२ मार्चला संघाच्या समितीसमोर प्रात्यक्षिक. नवजात वासराच्या अंगाभोवती मऊ दोरीचे तीन वेढे घालून हळूहळू ताण दिला की ते आडवं होतं आणि झोपतं. जन्मताना अंगावर येतो तसाच दाब. झटापट नाही. इथे उत्तर जपानात, होक्काइदोतल्या गोठेवाल्यांना हे कुणी नीट समजावलेलं नाही. मी समजावेन.

१९ फेब्रुवारी. दु. ४.३५
होरिगुचींच्या गोठ्यात पहिली चाचणी. वासरू क्र. ४२६, वय दोन दिवस. सहा मिनिटांत झोपलं. नाडी ११८ वरून ९२. होरिगुचींच्या पत्नी सादाए-सान शेजारी बाटली धूत होत्या. म्हणाल्या, "अहो मास्तरीणबाई, आत्ताच पोटभर दूध प्यायलंय ते. आमचे हेसुद्धा जेवले की असेच पडतात. त्यांना कुठे दोरी लागते?"
नोंदीत घेतलं नाही. शास्त्रीय नाही.

२४ फेब्रुवारी
सलग पाच चाचण्या यशस्वी. सगळ्या साडेचारला, म्हणजे चारच्या दुधानंतर. एकदा वेळ बदलून पाहावी असं मनात आलं. पण वेळ न बदलणं हीच शिस्त.

३ मार्च
सादाए-सान म्हणतात, समितीसमोर ताजं वासरू घे, हे आता दांडगट झालंय. ४२६चं वजन ५८ किलो. माझं ४७. पण ते माझा स्पर्श ओळखतं. मला पाहिलं की मान फिरवतं. विश्वासाचाच एक प्रकार.

७ मार्च
४२६ने लाथ मारली. डावी पोटरी. साठलेला ताण बाहेर पडत असावा. होरिगुची दिवसाला चार वाक्यं बोलतात. त्यातलं एक माझ्यावर खर्च केलं: "सोड गं पोरी, नकोय त्याला." मी आधार विचारला. ते निघून गेले. पळपुटेपणा.

११ मार्च
उद्या साडेचार. चारला दूध. दोन्हींचा संबंध नाही. तरी चारचं दूध चुकवू नका, असं सादाए-सानना दोनदा सांगितलं.

१२ मार्च
समिती ३.२५ला आली. बर्फात रस्ता अडला तर उशीर होईल म्हणून जेवल्याबरोबर निघाली होती. उशिरा येणं ही यांच्या लेखी नामुष्की. तासभर आधी येणं ही फक्त समोरच्याची पंचाईत. सात माणसं, गमबूट, उणे नऊ. आत बसून चहा घ्या म्हटलं. "छे छे, आमच्यासाठी त्रास नको," सातहीजण. उभेच.
ताटकळत ठेवणं अशक्य. सादाए-सान कानाशी पुटपुटल्या, "आधी पाज त्याला, बाई." मी म्हणाले, पद्धत बाटलीवर अवलंबून नाही.
३.३१ला वेढे घातले. ३.३२ला ४२६ निघालं. दोरीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला होतं. अंतर अंदाजे चाळीस मीटर. बर्फातून, पोटावर. शेवटी अध्यक्ष शिनामी-सान यांचा अंगठा तोंडात सापडला तेव्हा थांबलं. त्याची नाडी घेता आली नाही. माझी १६४.
कुणी हसलं नाही. सगळे आभाळाकडे बघत होते.

१३ मार्च
कारणं. दोरी ओली. जमीन निसरडी. समिती बेशिस्त. पद्धतीत दोष नाही.

१९ मार्च
शिनामी-सानचा फोन. जागा कायम होणार नाही. फार वाईट वाटतं, म्हणाले. मग बराच वेळ घसा खाकरला. समितीतल्या लोकांनी घरी सांगितलंय, घरच्यांनी शेजारी. जुलैच्या दूध मेळाव्यात लहान मुलांसाठी तेच पुन्हा करून दाखवशील का? अगदी तसंच. शेवटपर्यंत.
ही शास्त्रीय पद्धत आहे, तमाशा नाही, असं स्पष्ट सांगितलं. नकार दिला.
मग किती मिनिटं मिळतील ते विचारलं. आठ, म्हणाले.
दहा मागितली.