वरातीच्या घोडीवर बाबा

बाबा,

मुळशीला आपण घोड्यावर बसायला गेलो होतो, त्या दिवसाबद्दल तुम्ही असेपर्यंत आपण एका शब्दानं बोललो नाही. तुम्ही विषय काढला नाहीत आणि माझी तोंड उघडायची हिंमत झाली नाही. माझी, जिला तुम्ही चारचौघांत 'तोफ' म्हणायचात! आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. त्या दिवशीचा आवाज मात्र आठवावा लागत नाही, तो भाजी चिरतानासुद्धा कानात येतो. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तरी लिहून काढते.

तुमचा डावा पाय जरा ओढत पडायचा. लहानपणी मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, एसटीतून पडलो. कंडक्टर माणूस, चालत्या गाडीत उभं राहून जन्म काढलेला, त्यामुळे ते पटायचं. खरं काय ते आईनं सांगितलं, मी बारावीला असताना. ती चुलीपाशी भाकरी थापत होती आणि मी समोर बसून शेंगा फोडत होते. नवरदेवानं लग्नाआधी मारुतीच्या पाया पडायला वाजतगाजत घोड्यावरून जायचं, ही आपल्या गावाची रीत. आणि आपल्या वस्तीतल्या नवरदेवानं पायी जायचं, पाराच्या अलीकडूनच हात जोडायचे आणि मागं फिरायचं, हीसुद्धा त्याच गावाची रीत. तुम्ही घोड्यावर बसून निघालात. पारापाशी माणसं वाट बघत उभीच होती. 'उतरवा त्याला खाली,' असं कुणीतरी ओरडलं आणि पाय धरून तुम्हाला खेचलं. पाय रिकिबीत अडकलेला. हळदीच्या अंगानं, मोडक्या पायानं, दोघांच्या खांद्यावर हात टाकून तुम्ही बोहल्यावर उभे राहिलात. 'त्यांच्यापुढं बोलू नको यातलं काही,' आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी कसली गप्प बसतेय! बोलले नाही, पण मनात गाठ मारून ठेवली की एक दिवस तुम्हाला घोड्यावर बसवीन. मग मला हिंजवडीत नोकरी लागली, जवळच नांद्याला भाड्याचा फ्लॅट घेतला, आणि तुम्ही दोघं श्रावणात राहायला आलात. आमच्या ऑफिसातली मुलं शनिवार-रविवार मुळशीकडे जायची. तिथं धरणाच्या पाण्याजवळ घोड्यावर फिरवतात, कधी न बसलेल्या माणसालाही जमतं, घोडेवाला लगाम धरून शेजारून चालतो, वाडीला एक वळसा घालून परत आणतो, असं त्यांच्याकडून ऐकलेलं. बस, माझं ठरलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पेपर खाली ठेवलात आणि माझ्याकडे नुसते बघत राहिलात. मला कळलंय हे तुम्हाला त्या क्षणी कळलं. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं, मनगट दुखेपर्यंत धरलं आणि म्हणाली, 'नको नेऊ गं त्यांना. माझं ऐक.' मी म्हटलं, 'आई, ते गाव वेगळं, हे वेगळं. आता कोण विचारतंय?' आई म्हणाली, 'विचारीत न्हाईत तवाच भ्या वाटतं.' मी हसले. तुम्ही मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे होतात.

पिरंगुट, पौड मागं पडलं. माझ्या जुन्या स्कूटीवर तुम्ही मागं बसला होतात. एरवी वळण आलं की 'सावकाश, सावकाश' चालायचं तुमचं. त्या दिवशी घाटातल्या वळणावर समोरून टेम्पो अंगावर आला तरी तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. धुकं इतकं खाली उतरलेलं की डोंगर दिसत नव्हते, पाणी दिसत नव्हतं, नुसती भाताची खाचरं दिसायची आणि मग पांढरं. उतरून चालायला लागलो तेव्हा तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. ढोल. लांब, पाण्याच्या पलीकडून आल्यासारखा, दोन-चार ठोके आणि मग बंद. गणपती तोंडावर आले होते, गावोगावची पोरं सराव करत असणार. पण धुक्यात ते ढोल कुठल्या बाजूला वाजतायत ते कळेना. तुम्ही थांबलात. 'कुठं वाजतंय?' म्हणालात. मी म्हटलं, 'असेल कुठंतरी, चला हो.'

घोडेवाला पौडकडचा, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, सगळे त्याला चाचा म्हणत होते. त्याच्याजवळ एक घोडी होती, पांढरीशुभ्र, शेपटीला मेंदी लावलेली. तिच्या तोंडावरच्या मोहरकीला सोनेरी झिरमिळ्यांचा एक तुकडा अजून लटकत होता. तुम्ही तो बोटात धरलात. 'वरातीची हाय ही?' चाचा म्हणाला, 'व्हय सायेब. लग्नसराईत वरातीला, पावसाळ्यात हितं. बसून खाल्ल्यावर कसं चालंल?' मग मान थोपटत म्हणाला, 'लई गरीब हाय. ल्हान ल्हान पोरं बसत्यात. निस्तं ताशाचं तेवढं हाय, ताशा ऐकला की नाचती. शिकिवलंच तसं हाय तिला. पन हितं कोन वाजिवतंय? पोरं तिकडं पलीकडं असत्यात.' बाबा, हे त्यानं आपल्याला आधीच सांगितलं होतं. लपवलं काहीच नव्हतं. आणि आपण दोघांनी ते ऐकलं होतं.

तुम्ही आणखी एकच विचारलंत. 'वाटेत देऊळ लागतं का?' चाचा म्हणाला, 'मारुतीचं हाय की वाडीत. त्याच्या म्होरनंच वाट हाय.' तुम्ही बोटातला तो तुकडा सोडून दिलात. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की राहू दे. पण माझ्या अंगात तर आनंदच संचारला होता. घोडी, मारुती, सगळं जुळून आलंय, आता माझे बाबा रुबाबात पुढून जातील, असं वाटत होतं. मीच तुमचा पाय रिकिबीत ठेवला. चांगला पाय. दुसरा तुम्ही हातानं उचलून पलीकडं टाकलात आणि वर बसलात. कसे ताठ बसला होतात हो! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बांधावरून घोडी चालली होती, चाचा लगाम धरून पुढं, मी शेजारी. ढोल बंद होते. पाऊस नव्हता, वारा नव्हता, खाचरात एक माणूस नव्हता. वाडी आली तरी अंगणं रिकामी, नुसती कुत्री भुंकत होती. चाचा आपला बडबडत होता, पण हळूहळू तोही गप्प झाला आणि लगाम त्यानं हाताला गुंडाळून घेतला. मी म्हटलं, 'काय झालं?' तो म्हणाला, 'काय न्हाई. कान बगा तिचं.' घोडीचे कान पुढं ताठ झाले होते. तिला आपल्या आधी समजलं होतं.

वळण संपलं आणि देवळासमोरच्या मोकळ्या जागेत ती सगळी पोरं उभी. ढोल पलीकडे नव्हते, इथंच होते. पोरं विश्रांतीला थांबली होती, म्हणून आवाज नव्हता. त्यांनी पांढरी घोडी बघितली आणि एकाला चेव आला, त्यानं ताशावर कडाडून काडी टाकली. त्याच्या मनात काय पाप असणार? वरातीची घोडी दिसली, वाजवलं. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. चाचा फरफटला. खाली आली ती नाचतच. आणि पोरं खूश होऊन ढोल घेऊन भोवती जमली, शिट्ट्या मारायला लागली, हात वर करून 'ए काका, ए काका' ओरडायला लागली. तुम्ही आयाळ दोन्ही मुठींत धरून बसला होतात. तुमची रिकीब सुटली होती, पाय लोंबकळत होता, तोच पाय, आणि एक पोरगा तो धरायला पुढं आला. सावरायला आला होता हो तो, रिकिबीत घालायला. त्याच्या हाताला तुम्ही असा काही झटका दिलात की तो मागं कोलमडला. तेवढ्यात देवळापुढच्या पारावरून एक म्हातारा काठी उगारत खाली उतरला आणि ओरडला, 'बंद करा रं ते! आन् उतरवा त्यास्नी खाली!'

तेच शब्द. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं.

ढोल थांबले. घोडी अजून थरथरत होती, तोंडाला फेस. चाचाच्या तळहातातून रक्त येत होतं. तो म्हणाला, 'उतरा सायेब, आत्ता बिचाकलीय ती.' म्हातारा म्हणाला, 'उतर बाबा, पडशील.' मी म्हटलं, 'बाबा, उतरा ना, पाया पडते.' आणि तुम्ही म्हणालात, 'उतरत नसतो मी.' आवाज चढलेला नव्हता. तुम्ही एकेका तोंडाकडे बघत सावकाश म्हणालात, 'आधी माझं आडनाव इचारा. कोणाचा हाय ते इचारा. मग सांगा उतर म्हणून.'

पोरांचे हात ढोलावर तसेच राहिले. मला वाटलं आता काहीही होईल. म्हाताऱ्याला काय कळलं असेल देव जाणे. मागं कुणीतरी कुणाच्या तरी कानात कुजबुजलं, कुणीतरी बारीक हसलं, आणि ते कशावरून हसले ते मला आजवर समजलेलं नाही. शेवटी म्हातारा काठी खाली टेकत म्हणाला, 'आमी कशाला इचारू बाबा? जा. सुखानं जा.' आणि बाजूला झाला. चाचानं लगाम आखूड धरला आणि त्या रक्ताळलेल्या हातानं घोडी देवळासमोरून चालवत नेली. तुम्ही हात जोडले नाहीत. मान वळवून मारुतीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ पुढं बघत गेलात, आणि मी मागून चालत होते, माझ्या पाठीवर त्या सगळ्यांची नजर घेऊन.

शेवटचं घर मागं पडल्यावर तुम्ही उतरलात आणि बांधावर मटकन बसलात. पाण्याची बाटली पुढं केली, ती तुम्ही घेतली नाहीत. मी टेकवली तोंडाला. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, जिंकलो. मी बावळट, मी म्हणालेसुद्धा, 'बाबा, गेलात की नाही देवळावरून? कुणी अडवलं?' तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्ही मला आयुष्यात कधी मारलं नाहीत, पण त्या बघण्यापेक्षा थोबाडीत बसली असती तर परवडली असती. 'फिटली हौस तुझी?' म्हणालात. मग खाली मातीकडे बघत, 'चांगली लेकरं होती ती. दिसत होतं मला. तरी त्यानं अजून एकदा पायाला हात लावला असता तर मी तोंड फोडलं असतं त्याचं. पडलो तवाबी असं वाटलं नव्हतं मला कोणाबद्दल. नको बाई. आता कुठं बसवू नको मला.' चाचा लांब उभा राहून घोडीला चारत होता. पलीकडे वाडीत ढोल पुन्हा सुरू झाले, आणि तुम्ही कानांवर हात ठेवलेत.

घरी आल्यावर आईनं आपल्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं. चहा ठेवला. तुम्ही भिंतीकडे तोंड करून आडवे झालात. त्यानंतर तुम्ही आणि मी पुष्कळ बोललो, माझ्या लग्नाचं, तुमच्या पेन्शनचं, आईच्या गुडघ्यांचं. हे तेवढं राहिलं.

तुम्ही न पाहिलेली तुमची नात आता शाळेत जाते. नांद्यात जिथं शेतं होती तिथं इमारती झाल्या आहेत, आणि त्यांच्या मागं एका माणसानं घोड्यावर बसायला शिकवायचा क्लास काढलाय. रविवारी सकाळी तिथं नवीन मुलांना कुंपणाच्या आत गोल गोल फिरवतात. ती हट्ट धरून बसली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. आजोबा कधी बसले होते का, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, 'हो, बसले होते, आणि खाली उतरा म्हटलं तरी उतरले नव्हते.' ती खदखदून हसली. पुढचं मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. तिला घोडा म्हणजे नुसता घोडा असू दे.

पण बाबा, मी काही तेवढी शहाणी झालेले नाही. तिथली शिकवणारी मुलगी मला हाका मारते, 'ताई, इकडं बघा, किती छान बसलीय!' मला बघताच येत नाही. लेक वर चढली की मी कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसांकडे बघत राहते, त्यातल्या कुणाचे हात तिचा पाय धरायला मोकळे आहेत ते.