लंबूची फ्रेम, ठेंगीचं माप

७ जून
ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला बसलो की काही सुचायचं नाही. आज काम आहे म्हणून लिहितोय.

आपला लंबू तापाने गेला तेव्हापासून ठेंगी भावाचीच सायकल चालवते. तू तुझ्या कारखान्यात भाच्यासाठी बनवलेली, ती निळी रेसची. तिच्यावर पोरगी आडवी पडल्यासारखी दिसते. हातांना मुंग्या येतात, मान वळत नाही, ब्रेकपर्यंत बोटं पुरत नाहीत. काल उताराला पडली. हनुवटीला टाके पडले. घरी आल्यावर आधी सायकल पुसली. मी सीट पार खाली केली, तरी तेच. सायकल लपवून ठेवली, तर बोलेनाशी झाली.

आक्का, दोघांतलं एक गेलं. दुसरं डोळ्यांदेखत चाललंय आणि मी दारात नुसता उभा राहतो. ती फ्रेम कापून लहान कर, पण काहीतरी कर.

लोभ आहेच, तो आता उपयोगी पडू दे.
तुझा धाकटा

१२ जून
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हनुवटीचं वाचलं आणि जेवण अर्धं टाकून लिहायला बसले. पण अरे शहाण्या, फ्रेम म्हणजे काय पॅण्ट आहे, खालून दुमडायला? सीट खाली केलीस तरी सीटपासून हॅण्डलचं अंतर तेवढंच राहतं, आणि पोरीचे हाल त्या अंतरानेच होतायत. सीट पुढे ओढलीस तर गुडघे धरतील. हॅण्डल फ्रेमला जोडणारा दांडा फार आखूड लावलास तर उताराला सायकल हातात राहणार नाही.

तिला तिची फ्रेम हवी. मी करते. लंबूच्या फ्रेमला हात लावणार नाही, असं तिला सांग. नुसती उंची कळवू नकोस, सारख्या उंचीच्या दोघांचे पायही सारखे नसतात. तिला अनवाणी भिंतीला टेकून उभी कर, दोन पायांमध्ये पुस्तक घट्ट वर धरायला लाव, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोज. मग खांद्यापासून मुठीपर्यंत हात. तोवर ती सायकल तिला देऊ नकोस.

दोघं वेळेवर जेवा. माया आहे, म्हणूनच ओरडते.
आक्का

१९ जून
ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

कशीबशी उभी राहिली. उंची १८३, पाय ८९, हात ६५. लवकर कर. काल कुलूप तोडून सायकल घेऊन गेली.

तुझ्या लोभावरच दिवस काढतोय.
धाकटा

२४ जून
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ठेंगीचे पाय ८९? मग माळ्यावरचे डबे ती स्टूल न घेताच काढत असेल.

बाळा, ही मापं मी ओळखते. लंबूची सायकल करताना तूच कळवली होतीस. फ्रेमची नळी कापायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं. रागावले नाही. पण याच मापाची दुसरी फ्रेम पाठवली असती, तर पोरगी तीही मुकाट्याने चालवत राहिली असती. पुन्हा मोज.

तुला माझी आठवण आहे ना? मग ऐक.
आक्का

३० जून
ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तिला मी खरंच मोजलं होतं. टेप लावली, आकडा वाचला. लिहिताना हात लंबूच्याच आकड्यांवर गेला.

तुझं पत्र तिनेही वाचलं. मग म्हणाली की फ्रेम आपल्याला मोठी आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अंग दुखत असतं तोवर दुसरं काही आठवत नाही, म्हणून चालवते. मी म्हटलं की मला तुझी उंचीही सांगता येत नाही गं. तेव्हा ती रडली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच.

पुढच्या आठवड्यात तिला तुझ्याकडे पाठवतोय. सायकल इथेच राहील. माप तूच घे, माझ्या हाताचा आता भरवसा नाही. या घरात एकटा कसा राहणार ते मला ठाऊक नाही, पण तिला तसं कळू देऊ नकोस.

एकच मागणं आहे. आपल्या घरात मुलांना सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची सवय. ही फ्रेम तशी नको. ठेंगी आज आहे तेवढ्याच मापाची कर. मला ती तेवढीच परत हवी आहे.

माझ्या वाट्याचा लोभ काही दिवस तिलाच दे.
धाकटा